संकष्टीचे दोन चंद्रोदय

संकष्टीचा कडक उपास धरून निर्मलाताई दुपारी चारला नागपूरहून विमानात बसल्या, तेव्हा डब्यातले उकडीचे मोदक वाफाळत होते. ओसाकाला उतरल्यावर लेकीनं, केतकीनं, डबा उघडून पाहिला तर अजून चटका बसत होता. साडेपाच हजार किलोमीटर, आणि जेमतेम अर्धा तास!

"आई, पटकन चल, चंद्र वर आलाय!" केतकी त्यांचा हात धरून विमानतळाच्या गच्चीकडे धावलीच. इथे चक्क रात्र झाली होती. लग्न होऊन इकडे आल्यापासून ती दर संकष्टीला एकटीच उपास सोडायची. तिचा चंद्र उगवायचा तेव्हा तिकडे आईच्या चहाचं आधण चढलेलं असायचं. आज दोघींनी मिळून चंद्राला अर्घ्य दिलं. पहिला मोदक तोंडात घालताना केतकी हसता हसता रडायलाच लागली.

परतीच्या विमानात निर्मलाताई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. मावळलेला सूर्य समोरून, पश्चिमेकडून, पुन्हा वर येत होता! "अहो, बघा तरी!" त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला गदागदा हलवलं.

नागपुरात अजून उन्हं रेंगाळत होती. या विमानाची धास्ती घेऊन घरीच थांबलेले त्यांचे यजमान उपाशीपोटी गॅलरीत येरझारा घालत होते.

"अगं, कधी उगवायचा हा चंद्र?"

चपला काढता काढता निर्मलाताई ऐटीत म्हणाल्या, "निघालाय तो ओसाकाहून. मीच त्याला वाटेत मागे टाकून आले!"