लेकीची उजळणी

"हे काय?" लेकीने कार्ड वर धरलं.

"शिडी."

"हे?"

"गाळणी."

"आणि हे?"

गोल डबी, वर काच, आत सुई. बाबांना वस्तू ओळखू आली होती. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडला. लेकीच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

"अहो, ते नाही का, दिशा दाखवतं, जहाजावर असतं," शेजारी बसलेली आई म्हणाली.

"होकायंत्र," बाबा घाईने म्हणाले.

लेकीने पेन्सिलीने कागदावर खूण केली आणि आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. बाबांनी ते बरोबर टिपलं.

लेक वाचा-उपचारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसणार होती. ही परीक्षा पास झाली की तिला दवाखान्यात स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण पाहता येणार होते. मेंदूच्या आजारात माणसांचे शब्द कसे हरवतात आणि ते कसे ओळखायचे, याची ती महिनाभर उजळणी करत होती. रोज संध्याकाळी आईबाबांना जेवणाच्या टेबलाशी बसवून ती कार्डं दाखवायची.

"परीक्षा तुझी की माझी?" बाबांनी हसत विचारलं.

"माझीच. तुम्ही नुसता नमुना."

"मग खुणा कसल्या करतेस?"

"सवय व्हायला नको का हाताला?" लेक म्हणाली आणि तिने कागद उपडा ठेवला.

बाबांना हे उत्तर पटलं नाही. त्यांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही छापखाना त्यांच्याकडे घरी मुद्रितं पाठवत असे. त्यांचे शब्द हरवायला लागलेत असं लेकीने एकदा ठरवलं की ते काम बंद. मग दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं आणि गोळ्या घ्यायच्या. 

दोन दिवसांनी ते पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या.

"त्यांना इतक्यात नको सांगूस," आई म्हणत होती. "घाबरतील."

"कधीतरी सांगावं लागेलच ना."

बाबांचं पाऊल वाजलं. लेक लगबगीने नळाखाली पेला धुऊ लागली.

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही हो. आपलं ते... नेहमीचंच," आई म्हणाली आणि हसली. लग्नापासून अडचणीच्या प्रश्नाला ती अशीच हसत आली होती.

म्हणजे ही पण तिला सामील, बाबांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली तसे ते तिच्या खोलीत शिरले. कार्डांचा गठ्ठा टेबलावरच होता. पोरीने लबाडी केली तर बापाने का करू नये? त्यांनी गठ्ठा बाहेर आणला आणि आईच्या हातात दिला.

"तू एकेक दाखव. मी सांगतो."

"तिला कळलं तर?"

"तू सांगितलंस तर कळेल."

आई कार्डं धरत गेली. बाबा धडाधड नावं घेत गेले. कुलूप, कात्री, पोपट, पायमोजा.

"बरोबर?" ते प्रत्येक वेळी विचारायचे.

"तुमचं कधी चुकलंय?" आई म्हणायची.

असं आठवडाभर चाललं. आई इतकी मन लावून ऐकायची, की शेवटी शेवटी बाबांना तिच्यावर संशय घेतल्याची लाज वाटू लागली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेकीने नवीनच काढलं.

"आता कार्डं नाहीत. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. बाबा, तुम्ही आधी."

बाबा याच्याही तयारीत होते. लेकीच्या जाडजूड पुस्तकात त्यांनी हा प्रकार वाचून ठेवला होता. पाळीव झाले, रानटी झाले, पाण्यातले झाले. लेकीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"पुरे, पुरे. आता आई."

"मी काय प्राणिसंग्रहालयात राहते?" आई म्हणाली. "माझ्या घरात एकच प्राणी. तो बघ, बसलाय समोर चष्मा लावून."

बाबा खो खो हसले. लेक हसली नाही.

"आई, खरंच सांग ना."

"गाय," आई म्हणाली. "कुत्रा. आणि... तुम्ही सांगा हो, तुम्हाला येतात सगळे."

"घोडा, हत्ती, उंट..."

"बाबा, तुम्ही नका बोलू," लेक तुटकपणे म्हणाली.

राग आलाय, बाबांना वाटलं. सापळा रचला आणि त्यात काही सापडलं नाही, म्हणून राग. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

निकाल लागला. लेक पास झाली. तिने दोघांच्या पाया पडून पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. छापखान्याची नवी मुद्रितं तिथेच पडली होती. बाबांनी ती उचलून मांडीवर घेतली. सुटलो एकदाचा, असं त्यांना झालं होतं.

"बाबा, परवा सकाळी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय," लेक म्हणाली.

बाबांचा हात कागदांवर घट्ट झाला. आई खिडकीबाहेर बघत होती.

"कशाला?" त्यांचा आवाज चढला. "एक तरी उत्तर चुकलं का माझं? तुझ्या कागदावर आहे ना सगळं? बघ काढून."

"नाही चुकलं. तुमची सगळी बरोबर होती."

"मग मी तिथे येऊन करू काय?"

लेक खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. तिने त्यांच्या हातातले कागद हळूच सोडवून घेतले.

"नुसतं सोबत बसायचं, बाबा. आणि डॉक्टर आईला काही विचारतील तेव्हा तिच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही."