आत्याबाईंचा हात

एप्रिलातली दुपार, राजाजीनगरातलं घर, आणि खोलीत निखाऱ्यांची शेगडी. खिडकी बंद, पंखा बंद. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणे. वाऱ्याचं राहू द्या, सुखदाला नुसता श्वास घ्यायचा होता.

मांडीवरचं महिन्याचं बाळ रडून रडून लाल झालं होतं. टोपडं, दुपटं, त्यावर लोकरीचा स्वेटर. सासूबाई, अनुसूयाबाई (सुखदा त्यांना आत्याबाई म्हणायची), शेगडीवर तळहात तापवून बाळाला शेक देत होत्या. रीतच आहे ती. शेक झाल्यावर तोच तापलेला हात त्यांनी बाळाच्या कपाळावर ठेवला.

"स्वल्प गार लागतंय गं. हर्षा, शाल आण."

सुखदाचा नवरा श्रीहर्ष उठलाही. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांचं तापमान मोजून पगार घेणारा माणूस. तिथं काट्यावर विश्वास, इथं आईच्या हातावर.

"बस तू," सुखदा म्हणाली. कॉलेजात ती उष्णतेचेच नियम शिकवायची. घरात कोण ऐकतंय? "आत्याबाई, निखाऱ्यावर तापलेल्या हाताला सगळं गारच लागणार. तुमची ऊब बाळात चाललीय, एवढंच हात सांगतो. बाळ किती तापलंय ते नाही सांगत."

"चार लेकरं वाढवली या हातांनी. तुझ्या पुस्तकानं किती वाढवली?"

"मग तेच हात गार पाण्यात बुडवून या."

अनुसूयाबाई फणकाऱ्यानं न्हाणीत गेल्या. ओल्या हातानं परत आल्या, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि चपापल्या.

"अगं बाई, भाजतंय की. ताप भरला लेकराला." मग मुलाकडे वळून, "बघतोस काय? शाल आण म्हटलं ना. घाम यायला हवा."

घ्या. हात गरम तरी शाल, हात गार तरी शाल. सुखदाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं टोपडं काढलं, स्वेटर काढला, दुपटं सोडलं आणि उघडं बाळ नवऱ्याच्या हातात दिलं.

"धर. आणि आता तूच सांग, अजून किती घाम हवाय."

बाळाची पाठ चिंब होती. श्रीहर्ष शाल आणायला गेला नाही. सुखदानं शेगडी कडीला धरून बाहेर नेली, परत येऊन खिडकी सताड उघडली. वारा आत आला. बाळानं दोन हुंदके दिले आणि ते गप्प झालं.

तोवर अनुसूयाबाईंनी स्वतःच शाल आणली होती. इतका वेळ शेगडीला चिकटून बसलेल्या त्या, वाऱ्यानं शहारल्या. शाल त्यांनी आपल्याच खांद्यांवर ओढून घेतली.

"म्हणत नव्हते मी, गारठा आहे म्हणून?"