दाराची साक्ष

“दार खोटं बोलत नाही, वकीलबाई,” सरकारी वकील घोसाळकर म्हणाले. “तिनं दाराची मूठ धरली, दारानं घाम तपासला, त्यात अफू सापडली, मुठीनं पंजा आवळला. दहा वर्षं कैद!”

आरोपीच्या पिंजऱ्यात प्रमिला नर्सनं मान खाली घातली. भाऊबीजेला भावाकडे जेवून ती कामावर आली, तेव्हा रुग्णालयाच्या दारानंच तिला धरलं होतं.

“तिनं फक्त अनारसे खाल्ले होते,” तिची वकील मृणाल बागवे म्हणाली.

“फराळाचं कौतुक घरी सांगा.”

मधल्या सुट्टीत मृणालनं डबा उघडला. घोसाळकरांनी चार अनारसे उचलले. “वकिलीपेक्षा तुम्हाला हेच बरं जमतं,” ते तोंड भरून म्हणाले. मृणालनं एकही खाल्ला नाही.

सुट्टी संपली. कोर्टालाही तसंच दार होतं. घोसाळकरांनी ते ढकललं आणि मुठीनं त्यांचा पंजा आवळला. वर लाल दिवा लागला.

“अफू,” दार म्हणालं.

“सोडवा मला! मूर्ख यंत्र आहे हे!” घोसाळकर ओरडले.

मृणालनं उरलेला अनारसा न्यायाधीशांपुढे उलटा ठेवला. त्याच्या अंगाला खसखस चिकटली होती.

“ही अफूच्याच बोंडातली असते, साहेब. आता सरकारी वकिलांनाच विचारा, दार खोटं बोलतं का.”