खोटं गिऱ्हाईक

“बारकोड लागत नाही? म्हणजे हे फुकट!” असं म्हणून तपासनीस स्वतःच मोठ्यानं हसला.

गल्ल्यावरची बाईही हसली. हा विनोद ती रोज ऐकत असणार. सकाळपासून कितीदा तरी ऐकला असणार. पण हसली ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. मग तिनं साबणाची वडी पदराला पुसून पाहिली, तरी यंत्र ओरडेना, तेव्हा आकडे हातानं टाकले आणि विचारलं, “आणखी काही राहिलंय का, काका?”

तपासनिसाचं कामच हे होतं. दुकानाची कंपनी त्याला खोटं गिऱ्हाईक बनवून पाठवायची. गल्ल्यावरच्या माणसाला सतावायचं, त्याचा तोल कुठे जातो ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. सतावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मधले काही महिने तो रजेवर होता. आज पुन्हा कामावर आला होता. ही बाई रांग थांबवून लोकांशी बोलत बसते, अशी तक्रार एकानं केली होती. मॅनेजर फोनवर म्हणाला होता, “तुमचा शेरा चांगला आला तर राहील. नाहीतर बसेल घरी.”

रांगेत उभं असतानाच त्यानं तिला निरखून घेतलं होतं. पुढची एक बाई फोनवर बोलत बोलत सामान काढत होती. पिशवी हवी का, या प्रश्नाला तिनं नुसती बोटं नाचवली. त्याचा अर्थ हो की नाही, देव जाणे. गल्ल्यावरचीनं पिशवी तिच्या हाताशी सरकवून ठेवली, लागली तर घे म्हणून. एक गृहस्थ भरलेली ट्रॉली रांगेत लावून “आलोच” म्हणून गेले ते गेलेच. तिनं ट्रॉली कडेला घेतली, मागच्यांना पुढे घेतलं आणि गृहस्थ उगवल्यावर म्हणाली, “या, तुमची जागा राखून ठेवलीय.” ते भांडायच्या तयारीनं आले होते. भांडण तोंडातच राहिलं.

तपासनिसानं मनातल्या मनात दाद दिली. असा हात त्यानं फार क्वचित पाहिला होता. पण काम ते काम. साबणावर भागलं नाही, म्हणून त्यानं पुढची हत्यारं काढली. टोमॅटो न तोलताच आणले होते, ते पट्ट्यावर ओतले. तेल नको म्हणाला, मग हवं म्हणाला. साखर बाहेर स्वस्त मिळते, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. अंड्यांचा खोका उघडून एकेक अंडं उलटंपालटं करून दाखवायला लावलं. तिनं दाखवलं. जणू सोनार दागिना दाखवतोय.

मग सामान भरायला पिशवी काढून उभा राहिला. मागे कुरकुर सुरू झाली.

“अहो, आम्हालाही घरी जायचंय!”

“जाताय कसले! काका इथंच संसार मांडतायत.” एका दाढीवाल्यानं टोमणा मारला आणि दोघंतिघं हसले.

तेव्हा गल्ल्यावरची बाई खुर्चीतून उठली. पट्ट्यावरून वाकली आणि तपासनिसाच्या मागच्या बाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्या बाईनं मान हलवली आणि मागच्याला सांगितलं. कुजबुज रांगेच्या शेवटापर्यंत गेली. रांग चिडीचूप झाली. आणि तो दाढीवाला पुढे आला, मुकाट्यानं टोमॅटो गोळा केले, काट्यावर तोलून आणले आणि वर म्हणाला, “सावकाश होऊ द्या, काका.”

तपासनीस काय ते समजला. बाईनं त्याला ओळखलं होतं आणि रांगेलाही सांगून टाकलं होतं, की हा तपासायला आलाय, नीट वागा. कंपनीच्या नियमात याला एकच शेरा होता: नापास. त्याला वाईट वाटलं. इतकी गुणी बाई, आणि शेवटी चलाखच निघाली.

तो दाराजवळ थांबला. रांग ओसरल्यावर परत आला आणि ओळखपत्र तिच्यापुढे धरलं. तिनं ते वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे ते टोमॅटो, ती अंडी... सगळं मुद्दाम?”

“मुद्दाम. आणि ते तुम्हाला माहीत होतं.”

“नाही हो, साहेब! आईची शपथ.”

“मग त्या बाईंच्या कानात काय सांगितलंत? खरं बोला. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

तिनं नजर वळवली. “ते राहू द्या. तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटू दे. सांगा.”

ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही सामान भरायला पिशवी काढलीत. तिचा एक बंद स्वतः धरलात आणि दुसरा बाजूला केलात, कोणाच्या तरी हातात द्यावा तसा. बाजूला कोणीच नव्हतं. तरी तुम्ही तो तसाच धरून उभे राहिलात.”

तपासनिसानं हातातल्या पिशवीकडे पाहिलं. हे त्याच्या सोंगात नव्हतं. आपण असं केलं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“मग?” त्यानं विचारलं.

“मग मी त्यांना म्हटलं, ताई, काकांच्या पिशवीचा दुसरा बंद धरणारं माणूस गेलंय. आपण जरा थांबू या.”