कमरेची गाठ

बायकांच्या तीळ-तेलाच्या संस्थेचं अध्यक्षपद लामुनूनं सोडलं आणि भरसभेत आपल्या खुर्चीवर सुनेला, लाकेरला बसवलं. तोच तोंडाला फडकी बांधलेले चौघे कोयते परजत अंगणात घुसले. एकानं तेलाच्या घाण्यावरच्या बाईचं डोकं फोडलं. दुसऱ्यानं तोंडातून अवाक्षर न काढता लाकेरला केसाला धरून खाली पाडलं आणि तिच्या मानेवर कोयता टेकवला.

"खुर्ची सोड, नाहीतर मुंडकं ठेवून जा," तिसरा गुरगुरला.

लामुनू पुढं झाली आणि तिनं आपल्या कमरेच्या कापडाच्या गाठीला हात घातला. म्हाताऱ्या आईला नागवं पाहिलं की पोटच्या पोराचा वंश बुडतो, हे अचोली लोकांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गुंड होते परमुलखातले, भाड्याचे. ते खिदळले. "सोड की म्हातारे, बघू तरी."

लाकेरच्या मानेवरचा कोयता मात्र खाली पडला. तो धरणाऱ्यानं दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले होते.

लामुनूनं गाठ पुन्हा आवळली.



"बायको खुर्चीवर बसलेली सोसवली नाही होय रे, ओकेमा?"