सत्तेचाळीस नंबरचा कागद

सकाळी सव्वाअकराला जुन्या मूळ चित्रांचं पाकीट फोडलं आणि सत्तेचाळीस नंबरचा कागद टेबलावर आला. उडी मारणारं अस्वल, तोंड पार कानापर्यंत वाकडं, एक डोळा मिटलेला. कार्टूनमध्ये हे चित्र पापणी लवायच्या आत निघून जायचं. तीस वर्षांनी कुणीतरी नेमकं तिथंच थांबवलं. तेव्हापासून परीक्षेचा निकाल, सोमवारची सकाळ, सासूबाईंचा फोन, कशावरही लोक एकमेकांना हेच तोंड पाठवत होते. आता कार्टूनच्या कंपनीनं लोगोतलं गोंडस, हसरं अस्वल काढून तिथं हेच बसवायचं ठरवलं होतं.

"इथं नाव आणि सही," अर्ज पुढे सरकवत कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या. "चित्र मी काढलं, एवढंच लिहायचंय. मग लोगोसोबत पडद्यावर तुमचं नाव येईल."

म्हातारीनं डाव्या हातात पेन घेतलं. तेव्हा स्टुडिओत उडीचं पहिलं आणि शेवटचं चित्र साहेब काढायचे. मधली सगळी ती आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं कुठेच लागत नसत. हे तोंड पाहून साहेबांनी तिला साऱ्या खोलीसमोर झाडलं होतं. चित्रांचा गठ्ठा तिच्या नावाचा, म्हणून तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढची अठरा वर्षं सगळे तिला 'वाकडी' म्हणत. मैत्रीण तेवढी कधी म्हणाली नाही.

आज नातीनं अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं, आमच्या आजीचं नाव पडद्यावर येणार.

सवयीनं तिनं कागद उजेडात धरला. डावखुऱ्या माणसाचा तळवा पेन्सिलीचं शिसं फासत जातो. तिच्या प्रत्येक कागदाचा डावा कोपरा काळा असायचा. "कोळशाच्या गाडीतून येतेस काय गं?" साहेब विचारायचे.

या कागदाचा डावा कोपरा स्वच्छ होता. काळा होता तो उजवा.

"हे कुणी पुसलं का?"

"छे हो आजी. पाकीट आत्ता तुमच्यासमोर फोडलं."

पेन खाली ठेवून तिनं मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, माझ्या पोरीला ताप होता, त्या आठवड्यात माझा गठ्ठा कुणी पुरा केला?"

"मीच," मैत्रीण म्हणाली. "घाईत हात घसरला. साहेब तुझ्यावर ओरडले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

"मग ये इकडे. सही कर."

"नको गं. बोलणी तू खाल्लीस. नावही तूच घे."

पावणेबाराला वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फोन अजून चालू होता, आणि अर्जावरची नावाची जागा कोरी होती.