पाच फुग्यांची बंदूक

"नळी जराशी गंजलीय, बाकी काही नाही," असं म्हणत टेलरमास्तरांनी भंगाराच्या दुकानातली छऱ्याची बंदूक खांद्याला लावली. पांढऱ्या शर्टावर तांबडा पट्टा उमटला.

"जराशी? अहो, हात लावला तर पोपडे निघतायत," बायको म्हणाली. ती शिवणकामावरून तशीच उठून आली होती. अंगात कामाचा ॲप्रन, ओठांत तीन टाचण्या. टाचण्या तोंडात धरून भांडायची तिला सवयच होती. "ठेवा ती. घरात आधीच भंगार कमी आहे का?"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दस्त्याला गुंडाळलेली तांब्याची तार त्यांनी लांबूनच ओळखली होती. दस्ता तडकला तेव्हा सासऱ्यांनी ती स्वतः गुंडाळली होती.

"हीच ती!" ते भंगारवाल्याला म्हणाले. "याच बंदुकीनं माझं लग्न जमवलं."

भंगारवाल्यानं ताबडतोब किंमत वाढवली.

मग काय, मास्तरांची गाडी सुटली. सासऱ्यांचा सर्कशीच्या तंबूबाहेर फुगे फोडायचा स्टॉल होता. समोर जाड कापडाचा पडदा, त्यावर ओळीनं फुगे. मुलगी पडद्यामागे उभी असायची आणि फुटलेल्या फुग्याच्या जागी नवा लावायची. तिला मागणी घालायला कोणी आलं, की म्हातारा बंदूक हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आधी पाचच्या पाच फोडून दाखव." भले भले येऊन हात हलवत परत गेले. एका पैलवानाचा तर एकही फुटला नाही!

"आणि मी?" मास्तरांनी छाती पुढे काढली. "पाच बार, पाच फुगे! सासऱ्यांचा चेहरा असा पडला म्हणता! बंदूक माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः नेम धरला. नुसताच फट् आवाज. फुगा जागच्या जागी. म्हातारा नेमाला अगदीच कच्चा."

"काकू, खरं का हो?" भंगारवाल्यानं विचारलं.

"पाचही फुटले," बायको म्हणाली. "चला आता, गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

पण मास्तर हलेनात. येत्या रविवारी जावई येणार होता. जावई पोलिसात, नेमबाजीची पदकं मिळवलेला. मागच्या खेपेला जेवता जेवता तो बोलून गेला होता, "बाबा, असल्या बंदुकीनं पाचातला एक फुटला तरी नशीब." त्यावर मुलगी खुदकन हसली होती. ते हसू मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कंबरा मोजल्या, सुईत दोरा ओवायला मात्र पहिल्यापासून बायको लागायची. चारचौघांत सांगावं असं एवढंच एक काम त्यांच्या हातून घडलं होतं. आता त्याच्यावरही शंका!

"चालवून बघा," भंगारवाला म्हणाला आणि मागच्या भिंतीवर त्यानं रिकामे डबे मांडले.

"कशाला उगाच? डोळ्याला काही लागलं तर?" बायको मध्ये आली. मास्तरांनी तिला हळूच बाजूला केलं, एक डोळा मिटला आणि घोडा दाबला.

टण्ण!

"लागला!" मास्तर ओरडले. डबे मात्र ढिम्म. आवाज डावीकडच्या, चांगल्या दहा हात लांब पडलेल्या जुन्या टबातून आला होता. दुसरा बार, पुन्हा टब. तिसरा, पुन्हा टबच.

"द्या इकडे," भंगारवाल्यानं नेम धरला. टण्ण! त्यानं बंदूक उजेडात धरून नळीवरून नजर फिरवली. "मास्तर, नळी वाकडी आहे. आणि ही पडूनबिडून वाकलेली नाही, मुद्दाम वाकवलीय. धंद्यातली युक्ती. हिनं समोरचं काही..."

त्याची आणि काकूंची नजरानजर झाली. काकूंच्या तोंडातल्या तिन्ही टाचण्या त्याच्याकडे वळलेल्या होत्या.

"...म्हणजे गंजानंही वाकते म्हणा," भंगारवाला घाईघाईनं म्हणाला. "गंज फार वाईट."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली. "तेव्हा सरळच असणार."

"सरळच होती!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच क्षणी चेहरा उतरला. "मग आता काय उपयोग? रविवारी जावयासमोर तोंडघशीच पडायचं. राहू दे. नको."

त्यांनी खिशातल्या रुमालानं दस्ता पुसला, तांब्याची तार नीट बसवली आणि बंदूक मोडक्या पंख्यांच्या ढिगाशेजारी अलगद टेकवून ठेवली. एवढी खटपट करून बायकोच्या मनासारखं झालं होतं. तरी ती दाराकडे वळली नाही. ती मास्तरांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं.

"बांधून द्या हो ती," ती भंगारवाल्याला म्हणाली.

"अगं, आत्ता तर नको नको म्हणत होतीस! नळी वाकडी आहे ना?"

"असू दे. तुमचा हात सरळ आहे. आणि तुम्हाला सवय फुग्यांची. डब्यांवर कसला नेम बसतोय?"

मास्तरांना हे एकदम पटलं. "पण फुगे लावणार कोण?"

"कोण म्हणजे? मीच. अंगणात दोरीवर जाड चादर टाकू आणि मी मागं उभी राहीन, पूर्वीसारखी. तुम्ही आपले बार काढा."

"आणि जावई?"

"त्यालाही द्या की बंदूक. पदकवाला आहे, बघू त्याचे किती फुटतात."

मास्तर मनापासून हसले आणि पुडकं काखोटीला मारून ताठ मानेनं पुढे निघाले. मागे बायकोनं ओठांतली सगळ्यांत लांब टाचणी निवडून काढली, अंगठ्यावर तिचं टोक टोचून पाहिलं आणि रविवारसाठी ॲप्रनच्या खिशात वेगळी ठेवून दिली.